तैपेईतला कौल

तैवानला आठ दिवस होतो. त्यातले पाच पावसात गेले, एक शाकाहारी जेवण शोधण्यात, अर्धा मेट्रोत उलट दिशेला बसल्यामुळे. नवऱ्याचं शिन्चूला ट्रेनिंग होतं, त्यामुळे चुकायलाही मी एकटीच. उरलेला दीड दिवस मी एकाच देवळात काढला. बाकी फोटो बघायचेत त्यांनी इन्स्टावर बघा, तिकडे ढग भरपूर आहेत.

देऊळ म्हणजे तैपेईच्या वान्हुआ भागातलं लोंगशान मंदिर. मेट्रोच्या निळ्या लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे. चीनच्या फुजियानमधून आलेल्या लोकांनी १७३८ साली ते बांधलं. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात मुख्य गाभारा जळाला, पण आतली ग्वानयिनची मूर्ती तशीच राहिली. ग्वानयिन म्हणजे मुळात आपल्याकडून गेलेला अवलोकितेश्वर, तिकडे जाऊन देवी झालेला. माहेरचं माणूस परदेशात भेटावं तसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२०२० पासून इथे उदबत्ती बंद आहे. धुराशिवाय देऊळ मला अळणी लागतं. पण धूर नाही म्हणून की काय, आधी कानच जागे होतात. सगळ्या अंगणात सारखा लाकूड फरशीवर आपटल्याचा आवाज: टक्, टटक्, टक्. जागोजागी माणसं हात जोडून पुटपुटतायत आणि जमिनीवर काहीतरी टाकतायत.

ते काहीतरी म्हणजे लाल रंगाचे दोन लाकडी तुकडे. भाजलेला काजूगर मधोमध सोलल्यावर ज्या दोन पाकळ्या निघतात ना, अगदी तसे. एक बाजू सपाट, एक फुगीर, मोठे मात्र तळहाताएवढे. हजारो हातांनी रंग कडेला उडालेला. यांना जियाओबेई म्हणतात. प्रश्न मनात धरायचा आणि दोन्ही खाली सोडायचे. एक सपाट, एक फुगीर असे पडले तर देवाचा होकार. दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नकार. आणि दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर तुकडे पोटावर डुलत राहतात, म्हणजे देव हसतोय.

हे बघून मी जागीच थांबले. कारण आमच्या कुडाळकडच्या गावात याच कामासाठी गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि आम्ही ‘व्हय महाराजा’ म्हणत उभे राहतो. उजवी सुटली की उजवा कौल, म्हणजे होकार, डावी सुटली की डावा, म्हणजे नकार. पण आमचा देव हसत नाही. फार तर पाकळी पाडतच नाही, मग काका म्हणतो, “परत लाव.” मनासारखं येईपर्यंत परत लावायची आमच्या घरात जुनी परंपरा आहे.

आणि मलाही विचारायचं होतंच. बाबा गेल्यापासून गावच्या घराचा घोळ चालू आहे. एका काकाला विकायचंय, दुसऱ्याला नाही, आणि माझी सही दोघांनाही हवी आहे. मी तुकडे उचलले आणि मनात म्हटलं, घर विकावं की ठेवावं?

डुललं. परत टाकलं, परत डुललं. सलग चार वेळा. शेजारी भाज्यांची पिशवी घेऊन उभी असलेली एक आजी माझ्याकडे बघत होती. पाचव्यांदा डुलल्यावर तिने सरळ माझं कोपर धरलं, काहीतरी भराभरा बोलली, मग फोन काढून त्यात बोलली आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. मोडकंतोडकं भाषांतर होतं: एक प्रश्न. हो किंवा नाही. नाव, जन्मतारीख, पत्ता सांगितला का?

पत्ता! देवाला पत्ता लागतो, नाहीतर त्याला कळणार कसं कोण विचारतंय. बरोबरच आहे म्हणा. मी नाव सांगितलं, तारीख सांगितली आणि पत्त्याला अडकले. पुण्यातला फ्लॅट भाड्याचा, दर अकरा महिन्यांनी करार. तो तोंडात आलाच नाही. मी हळू आवाजात, मराठीत, वाडीचं नाव, गावाचं नाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोडसुद्धा सांगितला. पिनकोड सांगताना घशात काहीतरी आलं. आजी गंभीरपणे मान डोलवत होती, जणू तिला वाडी माहीत आहे.

“विकू का?” दोन्ही फुगीर वर. नाही.

इथे थांबायला हवं होतं. पण मी काकाचीच पुतणी. “मग ठेवू का?” टाकलं आणि डुललं. या वेळी आजीही हसली, पिशवीतलं एक संत्रं माझ्या हातात कोंबलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी परत गेले. इथे आकडे घातलेल्या १०० काड्यांतून एक ओढायची आणि ती आपलीच आहे का हे देवाला तुकडे टाकून विचारायचं. ओळीने तीन होकार आले तरच त्या नंबरची चिठ्ठी घ्यायची. नाणं टाकल्यासारखं धरलं तर आठात एकदा जमेल. काकाला हा तीनचा नियम लावला असता तर आमच्या घरातले निम्मे निर्णय अजून पाषाणावर चिकटलेले असते. मला दोन होकार आले, तिसरा डुलला. काडी परत ठेवली. खाली भुयारी बाजारात ज्योतिषांची दुकानं आहेत, तिथे पक्षीही चोचीने चिठ्ठी काढून देतो. आपल्या पोपटवाल्याची आठवण झाली, पण आत गेले नाही. पक्ष्याला पत्ता सांगायची माझी तयारी नव्हती.

रात्री काकाचा फोन आला. रेंज नेहमीसारखी.

“कौल लावलो गो. उजवो दिल्यान!”

“गाऱ्हाणं काय घातलं होतंत? विकायचं की ठेवायचं?”

पलीकडे मागे दुसऱ्या काकाचा आवाज चढला. दोघं एकाच वेळी बोलायला लागले, मग फोन कुणीतरी ओढून घेतल्याचा आवाज.

“ता गुरवाक इचारूक होया,” काका म्हणाला. “तू कधी येतलंस?”