“काका, तुम्ही मधेमधे पाय सोडता”

नाशिकला सोमेश्वरच्या पुढे आज सकाळी सायकल चालवताना एक मुलगा शेजारून सहज निघून गेला. फिक्सीवर, म्हणजे फिक्स्ड गिअरच्या सायकलवर. गिअर नाहीत, फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच.

चहाच्या टपरीवर गाठ पडली. गिअर नसताना एवढा स्पीड कसा, विचारलं. म्हणाला, “काका, मला थांबायची सोयच नाही. तुम्ही मधेमधे पाय सोडता.”

दिवसभर हेच डोक्यात आहे. त्याच्या सायकलच्या पुढच्या चक्राला ४८ दाते, मागच्याला १६. पॅडलच्या एका फेरीत चाक तीनदा फिरतं, म्हणजे साधारण ६.३ मीटर. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या की ताशी ३४ किलोमीटर. माझा ५०-११ चा गिअर तेवढ्याच फेऱ्यांत ५१ देईल, पण समोरचा वारा कापत तो ओढणारे पाय कुठून आणायचे?

उतारावर मात्र त्याचे हाल. ताशी ५० ला मिनिटाला १३० च्या वर फेऱ्या! (पुढचा ब्रेक लावलेला होता, बघून बरं वाटलं.) चढाला तर गिअरच हवेत, त्यात वादच नाही.

पण २०२२ मध्ये इटलीच्या फिलिप्पो गान्ना या सायकलपटूने ट्रॅकवर तासाभरात ५६.७९२ किलोमीटर कापले, ते एकाच फिक्स्ड गिअरवर. आणि आपल्याकडे नवीन सायकल दिसली की पहिला प्रश्न, “किती गिअरची?” कॉलेजची पोरं त्यापायी बजेट ताणतात, याचं खरंच वाईट वाटतं.

त्र्यंबक रोडला फिक्सी चालवणारं कुणी आहे का इथे? अंजनेरीकडे जाताना कोणता रेशो लावता?