त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी: आमचे तीन दिवस

माझे धाकटे काका ऐन तरुणपणी पुरात वाहून गेले. देह सापडलाच नाही, त्यामुळे अग्नी देणंही राहून गेलं. घरात पितृपक्षाचा विषय निघाला की बाबा उठून बाहेर जायचे. यंदा मात्र त्यांनीच त्र्यंबकला जायचं ठरवलं.

अपमृत्यू आलेल्यांसाठी नारायणबळी आणि नागहत्येच्या दोषासाठी नागबळी. विधी दोन, पण त्र्यंबकला ते जोडून करतात. नाशिकहून त्र्यंबक सुमारे 28 किलोमीटर, एसटी मिळते. तरी आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला पोचा, कारण सकाळी लवकर कुशावर्त कुंडावर स्नान करून सुरुवात होते. मुहूर्त रोज नसतो, तो गुरुजींकडून आधीच ठरवून घ्या. दक्षिणेत साहित्य, सोन्याचा नाग, राहणं-जेवण यांतलं काय काय धरलंय, हेही तेव्हाच विचारा. आम्ही विचारलं नाही आणि ऐनवेळी अवघडून बसलो.

पहिला दिवस सगळ्यात जड गेला. अहिल्या-गोदावरी संगमाजवळ कणकेचा पुतळा केला. गुरुजींनी काकांचं नाव आणि गोत्र उच्चारायला सांगितलं, तेव्हा बाबांचा आवाजच फुटेना. आईने पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी नाव घेतलं, पुतळ्याला अग्नी दिला आणि ज्वाळा विझेपर्यंत ते हलले नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांना भावासाठी रडताना प्रथमच पाहिलं. हा विधी कशासाठी आहे ते मला तिथे कळलं.

दहनानंतर सूतक लागतं. विधी पुरा होईपर्यंत गाव सोडायचं नाही, कांदा-लसूण नाही. पुरुषांना पांढरं धोतर-उपरणं लागतं, बायकांना काळी किंवा हिरवी साडी चालत नाही. ही वस्त्रं नवी हवीत आणि शेवटी तिथेच सोडायची असतात, म्हणून परतीचे कपडे वेगळे ठेवा. तीन पिढ्यांची नावं कागदावर लिहून न्या. पणजीचं नाव आम्हाला आत्याला फोन करून विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी श्राद्धं झाली. तिसऱ्या दिवशी गणेशपूजन, पुण्याहवाचन आणि सोन्याच्या नागाची पूजा झाल्यावर ज्योतिर्लिंगाचं दर्शन घेतलं. रांग मोठी असते, त्या दिवशी परतीची घाई नको.

निघताना बाबांनी काकांच्या तिथीचं विचारलं. अपघाती गेलेल्यांचं श्राद्ध भाद्रपद वद्य चतुर्दशीला करतात, असं गुरुजी म्हणाले. घरी पोचल्यावर बाबांनी आधी चष्मा शोधला आणि कॅलेंडरवर त्या तारखेखाली काकांचं नाव लिहिलं.