वाळलेलं काय, झाड का फांद्या?

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर पावसाळ्याच्या तोंडावर मेसेज पडला, "वाळलेल्या झाडाच्या फांद्या उद्या तोडणार आहे, गाड्या काढून घ्याव्यात." झालं, सुरू. वाळलंय काय, झाड का फांद्या? कोपऱ्यावरचा गुलमोहोर अख्खा वाळलाय, तेवढ्यालाच हात लावणार असतील तर आमच्या दारातल्या बदामाच्या वाळक्या फांद्यांचं काय, आणि गाड्या नेमक्या कुणी काढायच्या. शेवटी एका रिटायर्ड सरांनी लिहिलं, "झाडांच्या वाळलेल्या फांद्या असं लिहा की ओ." मिटलं.

खरं तर मराठीत असा घोळ सहसा होत नाही. 'जुनं पुस्तकांचं दुकान' म्हटलं की दुकान जुनं, 'जुन्या पुस्तकांचं दुकान' म्हटलं की पुस्तकं जुनी. इंग्रजीत 'ओल्ड बुक शॉप' म्हणा, आणि बसा डोकं खाजवत. पण फांदी पडली स्त्रीलिंगी, तिच्या अनेकवचनामागं 'वाळलेल्या', आणि 'झाडाच्या' म्हटलं की त्याच्या मागंही 'वाळलेल्या'च. दोन्हीकडं एकच रूप, म्हणून अडकलं. खोड तोडायचं असतं तर 'वाळलेलं' का 'वाळलेल्या' यावरूनच कळलं असतं.

समोरासमोर हे अडत नाही. संस्कृतवाल्यांचं जुनं उदाहरण आहे, सैंधव म्हणजे मीठ पण आणि सिंधकडचा घोडा पण. जेवायला बसलेला माणूस 'सैंधव आण' म्हणाला तर कुणी पानापाशी घोडा आणून बांधत नाही. अर्थ कशाकशावरून ठरतो याची व्याकरणकार भर्तृहरीनं यादीच दिलीय, सोबतचा शब्द, प्रसंग, जागा, वेळ, अजून बरंच. मेसेजमध्ये यातलं निम्मं गळतं. आमच्या सांगली-कोल्हापूरकडं बायका सर्रास 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात, इथं कुणाला त्याचं काही नाही, पण बहिणीनं पुण्याच्या ऑफिसात 'पोचलो' असं टाकलं की तिकडून विचारणा, फोन कुणाकडं आहे?

हे झालं आपोआप होणारं. मला जास्त मजा वाटते ती मुद्दाम केलेल्या घोळाची. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं तर 'आपण', त्याला सोडून तर 'आम्ही', इतकी सोय इंग्रजीच्या 'वुई'त नाही. आणि आपल्याकडची पुढारी मंडळी नेमकी तीच सोय वापरून घोळ घालतात. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी भागात न्यायच्या टेंभू, म्हैसाळ, ताकारी या योजना, त्यांच्यावर आटपाडी-जतकडं कितीतरी सभा झाल्या असतील. "आपण पाणी आणलं!" आता हे आपण कोण? आपण सगळ्यांनी? आमच्या पार्टीनं? का 'आपण कुणाला घाबरत नाय'मधलं आपण, म्हणजे मी एकटा? टाळ्या तिन्ही अर्थांना पडतात. आणि कॅनॉल कोरडा असला की तेच भाषण, "आपण सगळ्यांनी प्रयत्न करायला पाहिजेत." तिथं मात्र 'आपण'चा अर्थ लख्ख कळतो, लय हुशार माणसं.

खरेदीखतात हे असलं चालत नाही. नुसत्या आपण-आम्हीवर काही सोडलेलं नसतं, पहिल्या पानापासून लिहून देणार आणि लिहून घेणार, वर चतुःसीमा. वाचताना झोप येते, पण जमीन कुणी दिली आणि कुणी घेतली हे भाषण ऐकून ठरवावं लागत नाही.