हशे मोजा, डोकी नको

“गावच्या पोरांनी बारा मिनिटांची विनोदी फिल्म केली, तर त्यात सगळ्यांना नीट जागा मिळाली की नाही हे ठरवायचं कसं?” स्पर्धेचे परीक्षक विचारतात, कॉलेजची मुलं विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

डोकी मोजत बसू नका. बारा मिनिटांत चार-पाच पात्रं मावतात. त्यात एक बाई, एक आदिवासी, एक दिव्यांग असं कोंबलं तर यादी पुरी होते आणि फिल्म मरते. मोजायचे ते हशे.

वहीत चार रकाने पाडा: वेळ, विनोद कोणी केला, कोणावर, कशावर. फिल्म तीनदा पाहा. पहिल्यांदा नुसती पाहा, दुसऱ्यांदा दर हशाला एक ओळ लिहा, तिसऱ्यांदा आवाज बंद करून कॅमेरा कोणाजवळ जातो ते बघा. ‘कशावर’च्या रकान्यात लबाडी, बढाई, चिक्कूपणा आला तर ठीक. रंग, तोतरेपणा, आडनाव किंवा बोली आली की थांबा.

बोलीत आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ होतो. विदर्भातल्या फिल्ममध्ये शेतकरी म्हणतो, “काहून बे, लाइन आली नं, मोटर काहून नाही लावली?” हेच प्रमाण मराठीत म्हणून पाहा: “का रे, वीज आली ना, मोटर का नाही लावलीस?” प्रसंगात दम असेल तर हसू थोडं कमी होईल, पण टिकेल. पार गेलं, तर लोक शेतकऱ्याच्या जिभेला हसत होते. शिवाय विदर्भाची बोली एक नाही. डोळ्याला वऱ्हाडात ‘डोया’ म्हणतात, झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गडचिरोलीकडे, ‘डोरा’. भंडाऱ्याच्या म्हातारीच्या तोंडी ‘डोया’ घातला तर तिथला प्रेक्षक लगेच ओळखतो. मेळघाटातल्या कोरकू माणसाला गोंडी बोलायला लावणं तर फारच वाईट: कोरकू भाषा मुंडा कुळातली, गोंडी द्राविडी.

कोण कोणाला ‘अबे’ म्हणतं आणि कोण कोणाला ‘भाऊ’, तेही टिपा. पाटलाचा विशीतला पोरगा साठीच्या सालगड्याला अरेतुरे करतो, हे गावात घडतं. दाखवायला हरकत नाही. पण त्या वाक्यानंतर कॅमेरा सालगड्याच्या ओशाळल्या चेहऱ्यावर गेला तर हसू त्याच्यावर पडतं, पोराच्या मिजाशीवर थांबला तर पोरावर. तेवढे दोन सेकंद एडिटिंगमध्ये बदलता येतात, पुन्हा शूटिंग लागत नाही.

बायांसाठी लोक अमेरिकी व्यंगचित्रकार अ‍ॅलिसन बेकडेल यांच्या १९८५ च्या कॉमिकमधली कसोटी लावतात: दोन बाया, एकमेकींशी बोलतात, पुरुषाखेरीज दुसऱ्या विषयावर. छोट्या फिल्मला ती दोन वाक्यांत पार करता येते. म्हणून बाईच्या हातात काय आहे ते पाहा. कापसाचा हंगाम आहे, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पुरुष गप्पा हाणताहेत आणि बाया नुसत्या चहा आणताहेत, तर लिहिणाऱ्यानं वेचणी पाहिलेलीच नाही. निंदण-वेचणी मुख्यतः बायाच करतात. कमरेला फडकं बांधून ओळीओळीनं पुढे सरकताना त्या एकमेकींची आणि मालकाचीही जी फिरकी घेतात, ती स्क्रिप्टमध्ये हवी.

शेवटचं काम: ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांना बसवून ती दाखवा, परीक्षकांच्या आधी. ते जिथे हसत नाहीत ती वेळ पहिल्या रकान्यात लिहा आणि त्या ओळी तिथेच बसून पुन्हा डब करा.