सुट्टीसाठी आधीच भरलेल्या टीपीएनच्या पिशव्या

दिवाळीच्या सुट्टीत एनआयसीयूला (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला) लागणाऱ्या टीपीएनच्या, म्हणजे शिरेतून द्यायच्या संपूर्ण पोषणाच्या, पिशव्या आधीच भरून फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. लेबलं वाचताना लक्षात आलं, सगळ्यांत एमव्हीआय, म्हणजे मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शनसुद्धा घातलंय, अगदी चौथ्या दिवशी लावायच्या पिशवीतही. त्या वॉर्डला द्यायला मी नकार दिला.

"मॅडम, दोन ते आठ डिग्रीतच आहेत, रंगही छान पिवळा आहे," सिस्टर म्हणाल्या. पण तो पिवळा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे व्हिटॅमिन बी-२ चा. अंधारात ते टिकतं आणि व्हिटॅमिन सी संपलं तरी पिशवी तशीच दिसते. सी जातं ते ऑक्सिजनमुळे. ईव्हीए प्लास्टिकच्या पिशवीतून तो हळूहळू झिरपतो, भरताना आत राहिलेली हवा वेगळीच. त्यात ट्रेस एलिमेंट्समधलं (अगदी थोड्या प्रमाणात लागणाऱ्या खनिजांमधलं) तांबं ही क्रिया आणखी वाढवतं. थंडीत वेग कमी होतो, क्रिया थांबत नाही. शिवाय सी मोडून शेवटी ऑक्झॅलेट तयार होतं, आणि कॅल्शियम त्याच पिशवीत असतं; दोघांचे न विरघळणारे कण बनू शकतात.

मग अमिनो ॲसिडची बाटली बघितली. घटकांत सोडियम मेटाबायसल्फाइट होतं. ते थायमिन (व्हिटॅमिन बी-१) तोडतं. १९९७ साली अमेरिकेत मल्टिव्हिटॅमिनच्या तुटवड्यात टीपीएनवरच्या रुग्णांना थायमिनअभावी लॅक्टिक ॲसिडोसिस झाला होता, म्हणजे रक्तात लॅक्टेट साठून आम्लता वाढली होती. नवजात बाळाचं लॅक्टेट वाढलं की आधी संशय जातो इन्फेक्शनवर. पिशवीकडे कोण बघतं?

वॉर्डातही गेले. चालू पिशवीला फॉइल होतं, ट्यूब मात्र खिडकीच्या उजेडात उघडी. खरा धोका तिथेच जास्त. एक किलोच्या बाळाला दिवसाला १०० मिली म्हणजे तासाला जेमतेम ४ मिली. सेटमध्ये, म्हणजे पिशवीपासून बाळापर्यंतच्या नळीत, २० मिली मावत असेल तर द्रव पाच तास त्या पातळ नळीत राहतो. व्हिटॅमिन ए उजेडाने मोडतं, काही नळीच्या पीव्हीसी प्लास्टिकलाही चिकटतं. रायबोफ्लेविन मोडताना पेरॉक्साइड्स तयार होतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ती झेपत नाहीत. दोन वर्षांखालील मुलांसाठी पिशवी आणि सेट दोन्ही झाकावेत, असं युरोपच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये सांगितलंय.

त्या पिशव्या टाकून दिल्या. नव्या एमव्हीआयशिवाय भरल्या. आता एमव्हीआय पिशवी लावण्याआधी लॅमिनार फ्लोखाली (गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या झोतात) घालायचं, घातल्याची वेळ लेबलवर लिहायची आणि २४ तासांत पिशवी संपवायची. सेट अंबर रंगाचे, लिपिडची (स्निग्ध पदार्थाची) सिरिंजही झाकलेली. त्यासाठी लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही एका फार्मासिस्टची ड्युटी लावावी लागली.