तक्रार करणाऱ्यालाच शिक्षा

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की गाडीतल्या प्रत्येकाला काहीतरी सुचतं. 'भेसळीचं पेट्रोल भरलंय.' 'परवा पाइप लावून धुतलीस ना, भोग आता.' 'काही नाही रे, आपोआप जातो.' गंमत म्हणजे यातलं कुठलंही खरं निघू शकतं. दिवा स्वतः काही सांगत नाही. पुण्यात दाराच्या बेलशेजारची पाटीसुद्धा याच्यापेक्षा सविस्तर असते.

आधी रंग बघायचा. ऑइलच्या किटलीचा किंवा थर्मामीटरचा लाल दिवा म्हणजे गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, फोन नंतर. पिवळा स्थिर असेल तर घरी जाता येतं, आठवडाभरात बघितलं तरी चालतं. पण पिवळा लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारतंय. एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता सायलेन्सरच्या वाटेने धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे पेट घेतं. आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी त्या उष्णतेने वितळते. कात्रजचा घाट चढताना असं झालं तर पाय हलका करून पहिल्या मोकळ्या जागी थांबायचं; ठिणगी पाडणाऱ्या हजार-दोन हजारांच्या कॉइलपायी त्याच्या कितीतरी पट महाग कन्व्हर्टर घालवू नये.

मुळात हा पिवळा दिवा इंजिनाच्या काळजीपोटी बसवलेलाच नाही, तो धुरासाठी आहे. वेताळ टेकडीवर एआरएआय या वाहन तपासणी संस्थेत धुराच्या ज्या नियमांनुसार गाड्या तपासल्या जातात, त्याच नियमांनी तो आणला. बीएस 4 (धुराच्या मर्यादांचा भारत स्टेज 4 टप्पा) गाड्यांना एप्रिल 2013 पासून ओबीडी-2, म्हणजे गाडीने स्वतःचेच दोष नोंदवायची यंत्रणा, सक्तीचं झालं, 2020 मध्ये बीएस 6 आलं, 2023 मध्ये त्याचा दुसरा टप्पा. म्हणून क्लच घासला तरी हा दिवा गप्प बसतो, ऑइल किती जुनं आहे याचीही त्याला पर्वा नसते. धूर बिघडेल अशी शंका आली की मात्र तो लागलाच.

ही शंका वाचायला गॅरेजचा स्कॅनर लागत नाही. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, 16 पिनांचं एक सॉकेट असतं. काही गाड्यांत त्यावर झाकण असतं. त्यात बसणारा ईएलएम 327 जातीचा ब्लूटूथ डोंगल हजाराच्या आत मिळतो. अँड्रॉइड फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर हे ॲप टाकायचं. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डोंगल चालत नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा बघून घ्यायचा. अगदी स्वस्त डोंगलांवर '2.1' असा आकडा असतो तो प्रगतीचा समजू नये. त्यातल्या पुष्कळांना निम्मे आदेश कळत नाहीत, जुना '1.5' बरा. काम झालं की काढून ठेवायचा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी पितो.

आणि त्याही आधी मल्टिमीटर. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट, इंजिन चालू असताना 13.5 ते 14.7. स्टार्टर मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं तर पुढचं काहीच खरं मानू नये. अर्धपोटी ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) एकदम पाच-सहा कोड, म्हणजे दोषांचे क्रमांक, टाकतो आणि त्यातला एकही खरा नसतो. थंडीत सकाळी लागलेले दिवे पुष्कळदा नव्या बॅटरीने जातात.

आता कोड. उदाहरणार्थ पी 0302. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग, 0 म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान (1 असेल तर कंपनीचा खासगी), 3 म्हणजे इग्निशन आणि मिसफायर, शेवटचे 02 म्हणजे दुसरा सिलिंडर. कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' असते: तक्रार नोंदली त्या क्षणाचा वेग, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान, इंजिनावरचा भार. तिचा स्क्रीनशॉट घ्यायचा. बॅटरीची तार काढून दिवा घालवणारे कोडबरोबर हा पंचनामाही पुसून टाकतात, मग पुढच्याने शोधायचं काय?

खरी चूक इथेच होते. कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव, तो सेन्सर बदलून टाकायचा. पी 0171 म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. ही बातमी आणतो धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर, म्हणून नाना पेठेत जाऊन ऑक्सिजन सेन्सर आणला जातो. नवा सेन्सर आठ दिवसांनी तीच बातमी आणतो, कारण पहिलाही खरंच बोलत होता. वाड्यात 'नळ गळतोय' म्हणणाऱ्या भाडेकरूलाच घर खाली करायला लावावं तसा हा न्याय.

मग पी 0171 ला विचारायचं कसं? ॲपमध्ये 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' लावायचं. ईसीयू ठरल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय ते हा आकडा सांगतो. दहाच्या आतबाहेर चालतं. वीस-पंचवीसच्या पुढे दिवा लागतो. इंजिन गरम करून आधी आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटरवर पाय न देता, आकडा बघायचा, मग 2500 आरपीएमला. आयडलवर 22 आणि वर गेल्यावर 6 झाला तर थ्रॉटलनंतर (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेनंतर) कुठेतरी हवा चोरून आत येते आहे: पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत ओढणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, इनटेकची गॅस्केट. रबराचा पाइप नुसता बघून भागत नाही. वाकवून बघायचा, चीर आतल्या वळणात असते. उलट रेस केल्यावर आकडा चढत गेला तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा धूळ बसलेला एअरफ्लो सेन्सर. पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना एअरफ्लो सेन्सर नसतोच, प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर असतो. त्यांच्यात चोरटी हवा मिश्रण फारसं पातळ करत नाही, आयडलच वाढवते. सिग्नलला गाडी हजार-बाराशेवर घुमत राहिली तर संशय पाइपवर घ्यायला हरकत नाही.

इथे 'भेसळीचं पेट्रोल' म्हणणाऱ्यांचं मतही ऐकून घ्यावं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला 9. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं की हिशेब साडेतेराच्या आसपास येतो, म्हणजे तेवढ्याच हवेला आठेक टक्के जास्त इंधन. गाडी धडधाकट असेल तर ट्रिम हे मुकाट्याने सांभाळतो. ज्या जुन्या गाडीचा ट्रिम आधीच पंधरावर होता, तिचा दिवा मात्र लागतो आणि दोष सगळा पंपाच्या नावावर जातो. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर आधी दोन-तीन दिवस नुसत्या पेट्रोलवर चालवून आकडे घ्यावेत. किटचं ट्यूनिंग बिघडलेलं असेल तर ट्रिम गॅसवर एक शिकतो आणि पेट्रोलवर चुकतो.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून पेट्रोल टाकीचं झाकण घट्ट करणारेही भेटतात. तिकडे टाकीच्या वाफेची गळती मोजणं सक्तीचं आहे, म्हणून सैल झाकणाने दिवा लागतो. इकडच्या बहुतेक गाड्यांत ती यंत्रणाच नाही. झाकण लावावं, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

मिसफायरची चौकशी सगळ्यात समाधानाची, कारण ती फुकटात होते. इंजिन गार असताना, चावी काढून, दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलचा कपलर (वायरींचा जोड) खटका दाबून काढायचा. ओढायचा नाही, उन्हाने कडक झालेला तो खटका हमखास तुटतो. दहा नंबरच्या गोटी पान्याने बोल्ट काढून कॉइल उचलायची आणि तिसऱ्याशी अदलाबदल करायची. कोड पुसून फेरी मारायची. आता पी 0303 आला तर कॉइल गेली. पी 0302 च राहिला तर तोच खेळ प्लगशी, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर. प्लग बसवताना पहिले आटे गोटी हातात धरून, दांडा न लावता घालायचे; नाहीतर आटे जातात, इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं असतं. आणि कॉइल उचलल्यावर खड्ड्यात पाणी दिसलं तर 'परवा धुतलीस ना' म्हणणारे बरोबर होते. फडक्याने आणि हवेने सुकवायचं, एवढंच.

पी 0420 ला लोक घाबरतात, कारण तो कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सांगतो. ॲपवर दोन्ही ऑक्सिजन सेन्सरांचे (एक कन्व्हर्टरच्या पुढे, एक मागे) आलेख शेजारी लावावेत. साध्या सेन्सरच्या गाडीत पुढचा 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये सारखा वरखाली नाचतो, मागचा 0.6-0.7 च्या आसपास बैठक मारून असतो. मागचाही पुढच्याच ठेक्यात नाचायला लागला तर कन्व्हर्टर थकलाय. पण आधी सायलेन्सरच्या जोडावर काळी काजळी दिसते का बघावं, तिथून शिरलेली हवाही हाच कोड टाकते. पी 0135 म्हणजे पुढच्या सेन्सरचा हीटर. आधी फ्यूज, मग कपलरच्या एकाच रंगाच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स. काही ओहम दाखवला तर हीटर शाबूत, मीटर अनंत दाखवत असेल तर सेन्सर खरोखर बदलायचा. तक्रारदार स्वतःच आजारी असण्याची ही खरी वेळ. पावसाळ्यात नदीपात्रातल्या रस्त्यावर गुडघाभर पाण्यातून काढलेल्या गाडीत मात्र खालचा कपलर आधी उघडून बघावा, आत हिरवा गंज असतो.

पी 0128, म्हणजे इंजिन पुरेसं गरम होत नाही, हा आपल्या मेस्त्रींच्या एका जुन्या सवयीचा कोड. 'आपल्याकडे गरम हवा, थर्मोस्टॅट कशाला लागतो' म्हणून पाणी गरम होईपर्यंत अडवणारी ही झडपच काढून टाकतात. मग डिसेंबरात हायवेला पाणी 65-70 अंशांच्या वर चढत नाही, ईसीयू इंजिन गारच आहे असं समजून पेट्रोल वाढवत राहतो आणि अॅव्हरेज का पडलं याची चर्चा महिनाभर चालते.

उंदरांबद्दल एका वाक्यात: सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन आठवडे उभ्या गाडीत अचानक तीन असंबद्ध कोड आले तर स्कॅनर ठेवा आणि टॉर्च घ्या.

दुरुस्तीनंतर कोड पुसायचाच असं नाही. लागोपाठ तीन फेऱ्यांत तोच दोष दिसला नाही तर दिवा आपणहून विझतो. म्हणजे 'आपोआप जातो' हेही खरं निघालं. कोड मात्र ईसीयूच्या वहीत राहतो, आणखी 40 वेळा इंजिन गार होऊन नीट गरम होईपर्यंत. पाणी किमान 22 अंशांनी चढून 70 वर पोचलं तरच ती फेरी धरतात. रोज हिंजवडीला जाऊन येणाऱ्याची वही चार आठवड्यांत कोरी होते. फक्त रविवारी एकदा मंडईपर्यंत गाडी काढणाऱ्याच्या वहीत गणपतीत पडलेला कोड पुढच्या वर्षी पालख्या पुण्यात येईपर्यंत तसाच असतो.