आमची वाटचाल : काउंटरवरची खाऱ्या पाण्याची बरणी

शाहूपुरीत आमचं फ्लायचं दुकान आहे. फ्लाय म्हणजे गळावर केस-पिसं दोऱ्यानं बांधून केलेलं, मासे धरायचं बनावट आमिष. दुकानात नवीन माणूस आला की दोन प्रश्न ठरलेले. कोल्हापुरात समुद्र कुठाय? आणि काउंटरवरच्या काचेच्या बरणीत पाण्यात बुडवून गळ का ठेवलेत? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. गगनबावडा उतरला की देवगड, आंबा घाट उतरला की रत्नागिरी. रात्रीच निघालेला माणूस सकाळच्या भरतीला खाडीवर उभा असतो. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे. ते एकदा नीट लिहून ठेवायचं होतं, कारण आमच्याबद्दल बाहेर 'कोल्हापूरच्या फ्लाय गंजतात' असं जे बोललं गेलं ते अर्धंच बोललं गेलं.

वडिलांचं गळ-दोऱ्याचं दुकान होतं. पंचगंगा-भोगावतीवर गळ टाकून बसणारी मंडळी आमची गिऱ्हाइकं. फ्लायचं वेड माझं. क्लाउझर मिनो नावाची पहिली फ्लाय मी दामदुप्पट देऊन एका गोव्याच्या माणसाकडून विकत घेतली आणि त्याच रात्री ब्लेडने उसवली. वेढे मोजत, एकेक केस कागदावर मांडत. अमेरिकेतल्या बॉब क्लाउझरनं ही फ्लाय १९८७ च्या सुमारास बांधली आणि तिथल्याच लेफ्टी क्रेह या नावाजलेल्या फ्लायवाल्यानं ती जगभर नेली. क्रेहच्या स्वतःच्या डिसीव्हर नावाच्या फ्लायवर तर अमेरिकेनं १९९१ साली टपाल तिकीट काढलं. एका बांधलेल्या फ्लायला एवढा मान देणारे लोक आहेत हे कळलं, तेव्हा हा उद्योग पोरखेळ नाही हे घरात सांगायला मला बळ आलं.

व्हाइस, म्हणजे बांधताना गळ घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, आणायला पैसे नव्हते. उद्यमनगरात लेथवर काम करणारा माझा शाळेतला मित्र होता, त्याला मी फोटो दाखवला. त्यानं एन-३१ पोलादाचे जबडे घासून, हार्डन करून दिले. खाली बिडाचं जड बूड आणि जबडा आवळायला कॅमची मूठ. पहिल्या व्हाइसमध्ये १/० चा मोठा गळ घट्ट बसायचा, पण ४ नंबरचा लहान गळ निसटायचा. तीन वेळा जबड्यांची टोकं बदलली. तो व्हाइस अजून माझ्याच टेबलावर आहे. मुठीवरचा रंग उडालाय, पण जबड्याची पकड तसूभर सैल झालेली नाही. आज आमच्याकडे सहा व्हाइस आहेत आणि सगळे त्याच लेथवरचे.

दोऱ्याचं शिक्षण मात्र मला पटवेकरी काकांनी दिलं. कोल्हापुरी साज ओवणारा हात होता त्यांचा. मी बॉबिन, म्हणजे दोऱ्याची रिळी धरायची मूठ, घेऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी माझे वेढे पाहिले आणि म्हणाले, "पोरा, तू दोरा गुंडाळतोयस. बांधत नाहीस." प्रत्येक वेढ्याबरोबर दोऱ्याला पीळ चढतो. पीळ चढलेला दोरा गोल होतो आणि केसांवरून घरंगळतो. दर आठ-दहा वेढ्यांनी बॉबिन मोकळी सोडायची, तिला उलटी फिरू द्यायची, म्हणजे दोरा पट्टीसारखा चपटा बसतो आणि डोकं लहान राहतं. हे मी नंतर परदेशी व्हिडिओतही पाहिलं, पण शिकलो काकांच्या ओट्यावर. दुकानाचे पहिले भागीदार तेच. कागदावर कधी काही झालं नाही, पण पहिल्या दोन वर्षांत त्यांनी संध्याकाळी बसून बांधलेल्या फ्लाय विकूनच दुकान चाललं.

माल सगळा इथलाच उभा केला. बकटेल म्हणजे अमेरिकेतल्या हरणाच्या शेपटीचे केस, ते आपल्याला कुठून परवडणार? कोल्हापुरात मटणाच्या दुकानांना तोटा नाही. पांढऱ्या बोकडाचे लांब केस निवडून आणायचे, शाम्पूनं तीनदा धुवायचे, ॲसिड डाय आणि व्हिनेगरच्या गरम पाण्यात रंगवायचे. बोकडाचा केस हरणाच्या केसासारखा पोकळ नसतो, त्यामुळे दोऱ्याखाली फुलत नाही आणि पाण्यात जास्त वळवळतो. खाडीच्या गढूळ पाण्यात आमची पोपटी-पांढरी फ्लाय चालते ती त्यामुळे. पिसं गावठी कोंबड्याची, मानेची आणि पाठीची. ब्रॉयलरचं पीस आखूड आणि लिबलिबीत, ते घेऊ नका. उथळ पाण्यातल्या हलक्या फ्लायला डोळे म्हणून बेसिनच्या बुचाची मण्यांची साखळी दोन-दोन मणी कापून वापरली, जड फ्लायला पितळी डंबेल, म्हणजे दोन टोकांना गोळे असलेली छोटी दांडी. आणि एक आत्ताच सांगून टाकतो. रानकोंबड्याच्या मानेचं पीस आमच्याकडे मिळत नाही, मिळणार नाही. तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. सॅमन माशासाठीच्या जुन्या पद्धतीच्या फ्लायच्या हौसेपायी अजूनही विचारणारे येतात. मी त्यांना चहा देतो आणि परत पाठवतो.

देवगडचे मास्तर आले ते दुसऱ्या वर्षी. निवृत्त शिक्षक, लहानपणापासून खाडीवर गरवणारे. आठ नंबरचा फ्लाय रॉड मुलानं परदेशातून आणून दिला होता आणि वर्षभर तो माळ्यावर होता. मी त्यांना आमच्या चार फ्लाय दिल्या. पैसे नंतर द्या म्हणालो. पंधरा दिवसांनी फोन आला की खारफुटीच्या कडेला, उधाणाची भरती उतरताना, चोणक लागला. आपण ज्याला जिताडा म्हणतो तो. तेव्हापासून आमची प्रत्येक नवी फ्लाय आधी मास्तरांच्या खाडीत जाते. ते वहीत लिहितात: भरती की ओहोटी, उधाण की भांग (मोठी भरती की लहान), पाणी किती गढूळ, मासा मागून आला की आडवा. डंबेल कुठं बांधायचं हेसुद्धा त्यांनीच ठरवलं. आम्ही ते गळाच्या नेढ्याच्या फार जवळ बांधायचो, फ्लाय नाकावर आपटत खाली जायची. त्यांनी सांगितलं, दांडीचा तिसरा हिस्सा मागे सरका. सरकलो. फ्लाय आडवी बुडायला लागली आणि गळाचं टोक वर राहिल्यानं मुळांत अडकणं कमी झालं.

मग ऑगस्ट २०१९ चा महापूर. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. शाहूपुरीत आमच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. ओल्या पिसांचा जो वास असतो तो कोंबड्या पाळणाऱ्यालाच माहीत. सगळी पिसं, रंगवलेले केस, मस्टॅड कंपनीच्या ३४००७ या स्टेनलेस गळांच्या पेट्या, लाइनी, सगळं चिखलात. शिरोलीजवळ महामार्ग बंद, त्यामुळे माल मागवायचाही रस्ता नाही. आणि किनाऱ्यावरच्या एका व्यापाऱ्याची २,४०० फ्लायची ऑर्डर, ऑक्टोबरच्या हंगामाला, अर्धी उचल घेऊन बसलो होतो.

गळ हवे होते, आणि लगेच हवे होते. एका पुरवठादारानं स्टेनलेस म्हणून गळ दिले. मी मॅग्नेट लावला, चिकटला. तो म्हणाला, कडक केलेलं स्टेनलेस मॅग्नेटला चिकटतंच. हे खरं आहे, आणि म्हणूनच मी फसलो. ते निकेल चढवलेलं साधं कार्बन स्टील होतं. धार लावताना टोकावरचं निकेल गेलेलं, आणि वाकावर जिथं यंत्रानं पकडलं तिथं बारीक ओरखडा. खाऱ्या पाण्याला तेवढी वाट पुरते.

पहिला फोन मास्तरांचाच. "फ्लाय बरी आसा, पण गळ खोटो." मी तसाच गाडी काढून गेलो. त्यांनी वर्तमानपत्रावर सहा फ्लाय मांडून ठेवल्या होत्या. वरवर पाहता गळ अजून चकाकत होते, पण डंबेलमागे पांढऱ्या केसात चहा सांडावा तसा तांबूस डाग पसरला होता. मी ब्लेडनं दोरा उसवला. खालची दांडी पूर्ण तपकिरी. चिमट्यानं वाकवली तर मोडली. मास्तर काही बोलले नाहीत. जेवण वाढायला सांगितलं.

त्या रात्री परत येताना घाटात ठरवलं की सगळ्या परत मागवायच्या. व्यापाऱ्याला मी स्वतः फोन केला, त्याच्याकडून तक्रार यायच्या आधी. विकल्या न गेलेल्या त्यानं परत पाठवल्या. विकलेल्यांच्या बदल्यात ज्याच्याकडे आमची पाकिटं होती त्याला नवी द्यायची असं सांगितलं. वहिनी, काकांची सून, शेजारच्या दोघी आणि मी अशा पाच जणांनी परत आलेल्या फ्लाय एकेक करून उसवल्या. डंबेल वाचवले. बाकी सगळं टाकलं. एका क्लाउझरला सरावलेल्या हाताला सात-आठ मिनिटं लागतात, चोवीसशेचा हिशेब तुम्हीच करा. पतसंस्थेचं कर्ज काढलं, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. पटवेकरी काका तेव्हा आजारी होते, तरी खाटेवर बसून फ्लायच्या डोळ्यांवर लाख लावून द्यायचे.

आणि याच काळात आमच्याच बाकावर बसून फ्लाय बांधायला शिकलेल्या एकानं गंजलेल्या फ्लायचा फोटो काढला आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली ओळ: कोल्हापूरच्या फ्लाय गंजतात. फोटो खरा होता, मी नाकारत नाही. पण आम्ही माल परत घेतोय हे त्याला माहीत होतं. त्या आठवड्यात तो आमच्या दुकानात येऊन गेला होता, उसवलेल्या फ्लायचा ढीग त्यानं पाहिला होता. ते त्यानं लिहिलं नाही. महिन्याभरात त्यानं स्वतःचा माल काढला, त्यात आमची पेडवा माशाच्या रंगाची फ्लाय जशीच्या तशी, डंबेल तिसऱ्या हिश्शावर. ती जागा मास्तरांच्या वहीतून आली होती. एकानेही त्याला विचारलं नाही की ही कुठून आणलीस. मला आजही जत्रेत, लग्नात, कुणी ना कुणी विचारतं, "तुमच्याच त्या गंजणाऱ्या ना?" मी प्रत्येक वेळी पूर्ण हकीकत सांगतो. समोरचा कंटाळला तरी सांगतो.

त्याच माणसाच्या आठ नंबरच्या लाइनीबद्दलही एक बोलायचंय. एक गिऱ्हाईक रडत आलं की फेकच जात नाही, हात दुखतो. आठ नंबरच्या लाइनीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास असायला हवं. मी ती ३० फूट मोजून गुजरीत ओळखीच्या सराफाकडे नेली आणि सोन्याच्या काट्यावर ठेवली. दहा ग्रॅमसुद्धा भरली नाही. म्हणजे फार तर सहा नंबरची लाइन, आठचं लेबल लावून विकलेली. तुमचा फेक पडत नसेल तर आधी स्वतःला दोष देऊ नका. लाइन तोलून बघा. सराफ हसतील, पण तोलून देतात.

२०२० चा लॉकडाऊन, २०२१ चा पूर, त्यानंतरची चांगली वर्षं: कर्ज फिटलं, पाटल्या सोडवल्या, बांधणाऱ्या बायका चारच्या आठ झाल्या. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

काकांच्या पश्चात त्यांची सून आता बांधणीची प्रमुख आहे. नवीन मुलीचा पहिला महिना ती फक्त दोरा मोकळा सोडायला शिकवते.

बरणीचं आता सांगतो. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतकं खारं. गळांची कुठलीही पेटी आली, मग ती मस्टॅडची असो, गामाकात्सूची असो की आणखी कुणाची, तिच्यातले पाच गळ काढायचे, वाकावर कानशीनं एक ओरखडा मारायचा आणि तीन रात्री बरणीत ठेवायचे. ओरखड्यातून तपकिरी रेघ सुटली की पेटी परत. लेबल पाहायचं नाही, पुरवठादाराचं तोंड पाहायचं नाही. तुम्हीही घरी करा. मीठ किचनमधलंच चालतं. स्टेनलेस गळ असला तरी संध्याकाळी घरी आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात खंगाळा, सावलीत वाळवा, ओली फ्लाय डब्यात बंद करू नका. रीळही धुवा, पण नळाची जोरदार धार मारू नका, खारं पाणी आत ढकललं जातं.

आणि जिताडा लागला तर रॉड उचलून मारू नका. गोड्या पाण्यातली ती सवय इथं मासा घालवते. त्याचं तोंड हाडाचं आहे. रॉडचं टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हातानं लाइन सरळ मागे ओढा, गळ बसला की मगच रॉड वर. मोठा निघाला तर सोडून द्या. जिताडा नर म्हणून मोठा होतो आणि पुढे मादी बनतो, त्यामुळे मोठ्या माशांत बहुतेक माद्याच असतात. मास्तरांनी गेल्या हंगामात मापात हातभर लांब चोणक पाण्यातच सोडला. त्याचा फोटो दुकानात लावलाय, बरणीच्या वर.

परवा त्यांचा फोन आला होता. पावसाळा सरत आलाय, खाडीचं पाणी निवळायला लागलंय. दोन डझन पोपटी-पांढऱ्या, १/० वर, डंबेल जड. एवढं सांगून झाल्यावर नेहमीसारखं विचारलं, "बरणीतून काढलेलो गळ मा?" त्यांच्या पेटीतले पाच गळ काल संध्याकाळी बरणीत टाकलेत. मंगळवारी सकाळी काढू, मग बांधायला बसू.